देवाच्या नावाने उगारलेली तलवार : जुन्या करारातील हिंसक कथा कशा वाचाव्यात?



आपल्या धर्मग्रामात घरोघरी पवित्र शास्त्र वाचण्याची सवय वाढते आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु जे कुटुंब पहिल्या पानापासून वाचायला बसते, ते एक दिवस हमखास अडखळते. उत्पत्तीच्या गोष्टी ओळखीच्या असतात, निर्गमचा तांबडा समुद्र मुलांना आवडतो. पुढे यहोशवा, शास्ते, शमुवेल हे ग्रंथ सुरू होतात आणि वाचणाऱ्याचा आवाज हळू होतो. मग कधी दृढीकरणाच्या वर्गातला मुलगा विचारतो, कधी एखादी आजी विचारते, "फादर, तान्ह्या बाळांनासुद्धा मारा, असं देव कसं सांगेल?"

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. तो विचारणाऱ्याची श्रद्धा कमी आहे असेही नाही. उलट ज्याने येशूकडून देवाला 'पिता' म्हणायला शिकले आहे, त्यालाच हा प्रश्न टोचतो. म्हणून आज थोडे सविस्तर लिहितो आहे.

शास्त्रात नेमके काय लिहिले आहे?

आधी मजकूर सरळ समोर ठेवू. यरीहो शहराचा तट कोसळल्यावर इस्राएल लोकांनी तेथील पुरुष, स्त्रिया, तरुण, म्हातारे, एवढेच नव्हे तर गाईबैल, मेंढरे आणि गाढवेही तलवारीने मारली, असे यहोशवाच्या सहाव्या अध्यायात लिहिले आहे. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात शमुवेल संदेष्टा शौल राजाला देवाच्या नावाने सांगतो की अमालेकी लोकांचा समूळ नाश कर, दूधपित्या मुलांनाही सोडू नकोस. शौल त्यांचा राजा अगाग याला आणि निवडक गुरांना जिवंत ठेवतो. तेव्हा देव त्याच्यावर नाराज होतो, तो मारल्याबद्दल नव्हे तर न मारल्याबद्दल! एलीया कर्मेल डोंगरावरील विजयानंतर बआलाच्या संदेष्ट्यांना किशोन ओढ्यापाशी नेऊन ठार करतो. येहू अहाबाच्या सत्तर मुलांची डोकी टोपल्यांतून मागवतो.

या गोष्टी फक्त घरच्या बायबलात आहेत असे नाही. शौल आणि शमुवेल यांच्या त्या प्रसंगाचा उत्तरार्ध सम वर्षांत, सामान्य काळाच्या दुसऱ्या आठवड्यातील सोमवारी मिस्सामध्ये वाचला जातो. वाचन संपल्यावर "प्रभूचा शब्द" असे वाचक म्हणतो आणि आपण देवाचे आभार मानतो. कशासाठी बरे आभार मानतो आपण?

दोन सोप्या वाटा, दोन्ही चुकीच्या

पहिली वाट मार्सियनची. दुसऱ्या शतकात, इ. स. १४४ च्या सुमारास, रोममधल्या या माणसाने सांगितले की जुन्या करारातला देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा. तेव्हा जुना करार टाकून द्या. आपल्या बायबलात त्याने फक्त लूकचे शुभवर्तमान आणि पौलाची दहा पत्रे ठेवली, त्यांचीही काटछाट केली. ख्रिस्तसभेने त्याला स्पष्ट नकार दिला. कारण येशूची प्रार्थना, त्याचे दाखले, त्याची भाषा, सगळे जुन्या करारातून आलेले आहे. मुळे तोडली तर झाड कशावर उभे राहणार?

आज कोणी मार्सियनचे नाव घेत नाही, पण "जुन्या करारातला देव रागीट, नव्या करारातला प्रेमळ" असे आपण सहज बोलून जातो. हे खरे नाही. आई आपल्या तान्ह्या बाळाला विसरली तरी मी विसरणार नाही, असे सांगणारा देव यशयाच्या ग्रंथात आहे. आणि न्यायाच्या दिवसाविषयी सर्वांत कडक शब्द बोलणारा नव्या करारात खुद्द येशू आहे. शिवाय या बोलण्यात यहुदी लोकांविषयी नकळत एक तुच्छता मिसळते. ज्यांच्याकडून हे ग्रंथ आपल्याला मिळाले, ते काही क्रूर देवाचे भक्त नव्हेत. आपल्या कोकणात, अलिबागच्या परिसरात, शतकानुशतके मराठी बोलत राहिलेले बेने इस्रायल बांधव याच ग्रंथांवर जगले. शनिवार पाळणारे तेली म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. एलीया संदेष्ट्यावर त्यांची विशेष भक्ती, पण ती त्यांनी आशीर्वादासाठी केली. वल्हांडणाच्या रात्री इजिप्तवरील दहा पीडांची नावे घेताना पेल्यातून द्राक्षारसाचे थेंब बाहेर काढण्याची प्रथा यहुदी घरांत आहे. शत्रूंच्या दुःखामुळे आपला आनंदाचा पेला काठोकाठ भरू नये, असा तिचा अर्थ सांगितला जातो. असे लोक हिंसेला देव मानत नाहीत.

दुसरी वाट याच्या उलट आहे. "देवाने सांगितले ना, मग ते चांगलेच. आपण कोण विचारणारे?" वरवर ही मोठी श्रद्धा वाटते. येथे तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न उभा राहतो. तो प्लेटोने आपल्या 'युथिफ्रो' या संवादात सॉक्रेटिसच्या तोंडी घातला आहे. त्याचा आशय आपल्या शब्दांत असा : एखादी गोष्ट देव सांगतो म्हणून चांगली ठरते, की ती चांगली आहे म्हणून देव सांगतो? पहिले म्हणावे तर देवाने उद्या खोटे बोलायला सांगितले तर तेही पुण्य ठरेल, आणि "देव चांगला आहे" या वाक्याला काही अर्थच उरणार नाही. दुसरे म्हणावे तर देवाच्याही वर एखादा नियम आहे असे होईल. आपल्या परंपरेचे उत्तर असे की देव स्वतःच चांगुलपणा आहे. तो चांगुलपणा बनवत नाही आणि त्याच्यापुढे वाकतही नाही. तो स्वतःच्या स्वभावाविरुद्ध वागत नाही एवढेच.

सेंट थॉमस अक्वायनस यांच्यासारखे थोर आचार्यही असे मांडत की जीवनाचा धनी देव आहे, तो कोणाचेही जीवन कधीही परत घेऊ शकतो, आणि म्हणून त्याच्या आज्ञेने झालेल्या मृत्यूत अन्याय नाही. यातला पहिला भाग आपण प्रत्येक अंत्यविधीत मान्य करतो. देव जीवन परत घेतो. पण देवाने बाळाला आपल्याकडे नेणे वेगळे आणि एका माणसाच्या हातात सुरी देऊन ते काम त्याच्याकडून करवून घेणे वेगळे. त्या माणसाच्या काळजाचे काय होते? आणि ती आज्ञा खरोखर देवाचीच आहे हे ओळखायचे कसे? निरपराध बाळाला मारू नये हे आपल्या विवेकबुद्धीला जितके स्पष्ट कळते, तितके स्पष्ट दुसरे फार थोडे कळते. आणि ती विवेकबुद्धीही त्याच देवाने दिली आहे.

ही दुसरी वाट धोक्याचीही आहे. इ. स. १०९९ च्या जुलै महिन्यात क्रूसयुद्धातील ख्रिस्ती सैनिकांनी जेरुसलेमच्या तटाभोवती अनवाणी मिरवणूक काढली, यरीहोभोवतीच्या फेऱ्यांसारखी. आठवड्याभरात शहर पडले आणि आतल्या मुसलमान व यहुदी रहिवाशांची कत्तल झाली. त्यांच्या ओठांवर देवाचेच नाव होते. म्हणूनच १२ मार्च २००० रोजी, प्रायश्चित्त काळाच्या पहिल्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये ख्रिस्तसभेच्या लेकरांनी सत्याच्या सेवेच्या नावाखाली केलेल्या हिंसेबद्दल देवाकडे जाहीर क्षमा मागितली. यहोशवाचे पुस्तक कसे वाचायचे हा पुस्तकी वाद नाही, हे त्या शहरातल्या मेलेल्यांनी फार मोठी किंमत देऊन शिकवले आहे.

देव माणसांच्या भाषेत बोलतो

मग ख्रिस्तसभा काय शिकवते? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी दैवी प्रकटीकरणावर एक संविधान जाहीर केले. 'देई व्हर्बुम', म्हणजे 'देवाचा शब्द', हे त्याचे नाव. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, शास्त्राचा लेखक देव आहे, पण तो खऱ्या माणसांकरवी, त्यांच्या काळाच्या लेखनपद्धतीतून बोलतो. म्हणून त्या लेखकाला काय म्हणायचे होते ते शोधावे. दुसरी, जुन्या करारातील ग्रंथांत काही अपुऱ्या आणि त्या काळापुरत्या गोष्टी आहेत, तरी त्यांतून देवाची शिकवण देण्याची पद्धत दिसते. पहिलीतल्या मुलाला बाई दहावीचे गणित शिकवत नाहीत. त्या काही खोटे शिकवत नसतात, मूल झेपेल तिथून त्याला वर नेत असतात.

त्या काळची भाषा कशी होती? १८६८ साली आजच्या जॉर्डन देशात दीबोन येथे एक काळा शिलालेख सापडला. तो सध्या पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. ख्रिस्तपूर्व ८४० च्या सुमारास मवाबचा राजा मेशा याने तो कोरून घेतला. त्यात मेशा सांगतो की कमोश देवाने त्याला इस्राएलकडून नबो शहर घेण्याची आज्ञा केली, आणि त्याने तेथील सात हजार जणांना ठार करून ते शहर आपल्या देवाला वाहून टाकले. 'वाहून समूळ नष्ट करणे' यासाठी यहोशवाच्या पुस्तकात जो 'हेरेम' शब्द आहे, त्याच धातूचा शब्द मेशाने वापरला आहे. म्हणजे युद्ध देवाचे, लूट देवाची आणि हरलेल्यांचे प्राणही देवाचे, ही कल्पना इस्राएलपुरती नव्हती. ती त्या सगळ्या प्रदेशाची हवा होती. इस्राएल त्याच हवेत श्वास घेत होते.

अशा लेखनात अतिशयोक्तीही असे. यहोशवाच्या दहाव्या-अकराव्या अध्यायांत कोणीच जिवंत उरले नाही असे वाटते. पुढचेच पुस्तक, शास्ते, उघडले की पहिल्याच अध्यायात ते सगळे लोक आपापल्या गावी सुखाने राहत असल्याची लांबलचक यादी मिळते. शौलाच्या वेळी नष्ट झालेले अमालेकी थोड्याच अध्यायांनंतर दावीदाशी लढायला हजर असतात! उत्खननही हेच सुचवते. कॅथलिन केन्यन या ब्रिटिश विदुषीने १९५२ ते १९५८ या काळात यरीहो खणले. तटबंदीचे मोठे शहर ख्रिस्तपूर्व १५५० च्या सुमारासच उद्ध्वस्त झाले होते आणि यहोशवाचा काळ जेव्हा धरला जातो त्या तेराव्या शतकात तेथे तटबंदीचे शहर नव्हते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हासोर शहर मात्र तेराव्या शतकात जळाल्याच्या खुणा आहेत. थोडक्यात, या पुस्तकांमागे काही खऱ्या लढाया असाव्यात. पण जसे लिहिले आहे तसा सरसकट संहार झाल्याचे दिसत नाही.

आज आपल्या हाती असलेल्या रूपात हे ग्रंथ बऱ्याच नंतर सिद्ध झाले. तोवर इस्राएल हे जिंकणारे राष्ट्र उरले नव्हते. अश्शूर आणि बाबेल यांच्या टाचेखाली ते चिरडले गेले होते. अशा लोकांना लेखक सांगतो आहे : मूर्तिपूजेशी तडजोड केली म्हणून आपली ही दशा झाली, तिच्याशी जराही सलगी नको. तलवार हे त्या उपदेशाचे चित्र झाले.

तरीही एवढ्याने समाधान मानू नये. "प्रत्यक्षात तसे घडले नाही" असे म्हटले तरी "तसे घडायला हवे होते" असे कोणाला तरी वाटले, हा प्रश्न शिल्लक राहतोच. त्यासाठी आणखी पुढे जावे लागेल.

जे लिहिले आहे ते सगळेच शाबासकीसाठी नाही

इफ्ताहाची गोष्ट पाहा (शास्ते ११). ती विषम वर्षांत, विसाव्या आठवड्यातील गुरुवारी मिस्सामध्ये वाचली जाते. हा शूर सेनापती लढाईला निघताना नवस बोलतो : मी जिंकून आलो तर माझ्या घरातून जे प्रथम मला भेटायला येईल, त्याचा होम करीन. तो जिंकतो. दारातून डफ वाजवत, नाचत येते ती त्याची एकुलती एक मुलगी.

या नवसात देव कुठे आहे? देवाने हा नवस मागितला नव्हता. नवस बोलला गेल्यावरही देव "बरे" असे म्हणत नाही. मुलगी बळी जाते तेव्हा आकाशातून आवाज येत नाही आणि झुडपात मेंढाही सापडत नाही. संपूर्ण प्रसंगात देव गप्प आहे. त्याच अध्यायात इफ्ताह अम्मोनी राजाशी बोलताना आपल्या देवाला कमोशाच्या रांगेत बसवतो : तुझा कमोश तुला देतो ते तू घे, आमचा देव आम्हाला देतो ते आम्ही घेऊ. पुढे राजांच्या दुसऱ्या पुस्तकात (अध्याय ३) मवाबचा राजा, म्हणजे तोच मेशा, हरायला आल्यावर आपल्या थोरल्या मुलाचा तटावर होम करतो. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की कळते, इफ्ताहाने देवाचे नाव बरोबर घेतले, पण त्याच्या मनातला देव कमोशासारखा होता. मुलांना अग्नीत अर्पण करणे मी कधी सांगितले नाही, माझ्या मनातही ते आले नाही, असे देव यिर्मया संदेष्ट्याकरवी (अध्याय ७) सांगतो. इफ्ताहाच्या मुलीला जे उत्तर मिळाले नाही, ते तेथे मिळते, पण तिला खूप उशिरा.

शास्ते हे पुस्तकच एका उताराचे वर्णन आहे. गिदोन चांगली सुरुवात करतो आणि पुढे आपल्याच लोकांवर सूड उगवतो. शमशोनाचे सामर्थ्य स्वतःच्या भांडणात खर्च होते. शेवटच्या अध्यायांत एका अनाम स्त्रीवर रात्रभर अत्याचार होतो आणि त्यातून भाऊबंदांचे युद्ध पेटते. राजा नव्हता, ज्याला जे बरे वाटे ते तो करी, अशा अर्थाच्या वाक्याने लेखक पुस्तक मिटतो. हा आरसा आहे. आरशात डाग दिसला म्हणून कोणी आरशाला दोष देत नाही.

शास्त्रच शास्त्राला सुधारते

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की बायबल स्वतःच स्वतःशी बोलते आणि हळूहळू पुढे सरकते.

राजांच्या दुसऱ्या पुस्तकात येहूच्या रक्तपाताची देवाच्या नावाने प्रशंसा आहे. पण शंभर वर्षांच्या आतच होशेय संदेष्टा आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात देवाचे म्हणणे सांगतो की इज्रेलात सांडलेल्या त्या रक्ताबद्दल मी येहूच्या घराण्याला शिक्षा करीन. तीच घटना, तेच देवाचे नाव. पण आता कानांना ते अधिक नीट ऐकू येऊ लागले आहे.

दावीदाने इस्राएलची शिरगणती केली ती देवाने त्याला प्रवृत्त केले म्हणून, असे शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात (अध्याय २४) आहे. हीच गोष्ट नंतर लिहिलेल्या पहिल्या इतिहास ग्रंथात (अध्याय २१) येते तेव्हा प्रवृत्त करणारा सैतान असतो. त्याच इतिहास ग्रंथात दावीदाला मंदिर बांधायला देव मनाई करतो, कारण त्याच्या हातून फार रक्त सांडले आहे. इस्राएलचा सर्वांत लाडका राजा, पण रक्ताने माखलेले हात मंदिराच्या पायाला लागायचे नाहीत!

मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत देवाच्या मंडळीत घेऊ नये, असे अनुवाद सांगतो. मग येते रूथ, मवाबी विधवा, आणि ती दावीदाची पणजी ठरते. यरीहोच्या संहारातून वाचलेली राहाब आणि ही रूथ, दोघींचीही नावे मत्तयने येशूच्या वंशावळीत मुद्दाम लिहिली आहेत.

आणि योनाचे पुस्तक. शौलाला मिळालेल्या आज्ञेत ज्यांना मारायचे त्यांची यादी होती : बाळे आणि गुरेढोरे. योनाच्या शेवटच्या ओळीत देव निनवेविषयी रागावलेल्या संदेष्ट्याला विचारतो की उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि इतकी गुरेढोरे तेथे आहेत, मी त्यांची कीव करू नये काय? निनवे म्हणजे इस्राएलला चिरडणाऱ्या अश्शूरची राजधानी. अमालेक्यांपेक्षा कितीतरी भयंकर शत्रू! एका पुस्तकात जी बाळे आणि गुरे मारायच्या यादीत होती, ती येथे देवाच्या दयेच्या यादीत आली आहेत.

येशूच्या हातातली किल्ली

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१० साली 'देवाचा शब्द' या विषयावरील आपल्या उद्बोधनात या कठीण भागांचा वेगळा विचार केला आहे. देवाची योजना टप्प्याटप्प्याने उलगडत गेली आणि हे भाग ख्रिस्ताच्या प्रकाशात वाचावेत, असा त्याचा आशय. ही किल्ली येशूने स्वतः दिली आहे. घटस्फोटाविषयी विचारले असता तो म्हणाला की तुमच्या मनाच्या कठोरपणामुळे मोशेने ती मुभा दिली, आरंभापासून तसे नव्हते (मत्तय १९). म्हणजे शास्त्रात लिहिलेली एखादी गोष्ट माणसाच्या कठोर मनाची खूण असू शकते, हे सांगणारा पहिला शिक्षक प्रभूच आहे.

नाझरेथच्या सभास्थानात त्याने यशयाचा एकसष्टावा अध्याय वाचला. प्रभूच्या कृपेच्या वर्षाशी येऊन तो थांबला आणि गुंडाळी मिटली. मूळ ग्रंथात त्याला लागूनच देवाच्या सूडाच्या दिवसाचा उल्लेख आहे. तो त्याने वाचला नाही. मग सारफथची विधवा आणि अरामी नामान या परक्यांवर देवाने केलेली दया सांगितली, तेव्हा गावकरी त्याला कड्यावरून लोटायला निघाले.

पुढे एका शोमरोनी गावाने त्याला उतरू दिले नाही. याकोब आणि योहान म्हणाले, आकाशातून अग्नी पाडू का? ही कल्पना त्यांना कुठून सुचली? एलीयाने शोमरोनच्या राजाच्या पन्नास-पन्नास शिपायांवर असाच अग्नी पाडला होता (२ राजे १). त्यांच्याकडे शास्त्राचा दाखला होता! येशूने मागे वळून त्यांना दटावले, आणि ते दुसऱ्या गावाला गेले.

सोर-सिदोनच्या भागात भेटलेल्या त्या बाईला मार्क 'सिरिया-फिनिशिया'ची म्हणतो. मत्तय मात्र तिच्यासाठी एक जुना शब्द उचलतो, 'कनानी'. यहोशवाच्या पुस्तकात ज्यांना दया दाखवायची नव्हती, त्यांची ही लेक येशूपुढे दया मागते. सुरुवातीला तो गप्प राहतो. शेवटी तो तिचा विश्वास थोर आहे असे म्हणतो आणि तिची मुलगी बरी होते.

यहोशवा आणि येशू ही दोन्ही नावे मुळात एकच. ग्रीक बायबलात दोघांचेही नाव 'येसूस' असेच लिहिले जाते. तिसऱ्या शतकातील ओरिजेन या धर्मपंडिताने हा धागा पकडला. ही युद्धे आपल्या अंतरातल्या युद्धांची चित्रे नसती, तर शांतीच्या प्रभूच्या प्रेषितांनी ती देवळात वाचायला दिलीच नसती, असे त्याने यहोशवावरील प्रवचनांत सांगितले. मारायचे कनानी आपल्या मनात राहतात : लोभ, मत्सर, वासना, द्वेष. त्यांच्याशी मात्र तडजोड नको. शौलासारखे "निवडक तेवढे ठेवतो" असे म्हणू नये.

शेवटी क्रूस. जुने पुढारी देवासाठी शत्रूचे रक्त सांडत. क्रूसावर देवाच्या पुत्राने शत्रूंसाठी स्वतःचे रक्त सांडले. देव कसा आहे याचे याहून स्पष्ट चित्र आपल्याकडे नाही. म्हणून यरीहोवरून क्रूसाचा अर्थ लावायचा नाही, क्रूसावरून यरीहोचा लावायचा. तसा लावला की मला म्हणावे लागते : त्या बाळांचा मृत्यू देवाला नको होता. त्या काळच्या माणसांनी देवाचा आवाज ऐकला, तो खरा होता, "माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला भजू नका" हे त्याचे म्हणणेही खरे होते. पण त्यांनी तो आपल्या काळाच्या कानांनी ऐकला.

कोणी विचारील, मग इब्री लोकांस पत्रात (अध्याय ११) गिदोन, बाराक, शमशोन, इफ्ताह यांची नावे विश्वासवीरांमध्ये कशी? ती त्यांच्या विश्वासासाठी आहेत. अंधुक प्रकाशातही त्यांनी देवाचा हात सोडला नाही. त्याच यादीत नोहा आहे, जो दारू पिऊन पडला होता, आणि दावीद आहे, ज्याने उरीयाचा घात करविला. देवाने त्यांना निवडले ते निर्दोष होते म्हणून नव्हे. आपल्यालाही त्याने तसे निवडलेले नाही.

आपल्यासाठी काय?

यातून देव मऊ, कशालाही चालवून घेणारा ठरतो असे कोणी समजू नये. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला न्याय हवा असतो, आणि ती तहान देवानेच लावली आहे. शत्रूला शाप देणारी स्तोत्रे याच तहानेतून आली. परिषदेनंतर दैनिक प्रार्थनाविधीची नवी रचना झाली, तेव्हा ५८, ८३ आणि १०९ ही स्तोत्रे त्यातून वगळण्यात आली, कारण सामुदायिक प्रार्थनेत ती जड जातात. बायबलातून मात्र ती काढलेली नाहीत. ज्याचे घर लुटले गेले आहे त्याने आपला संताप देवाच्या पायाशी ओतावा. देवाच्या हाती दिलेला सूड आपल्या हातात राहत नाही.

आपल्या हातात तलवार नाही, पण जुनी सवय आहे. जमिनीच्या हद्दीवरून दोन भाऊ कोर्टात जातात. काही वर्षांनी एकाच्या घरात आजारपण येते, कोणाचा मुलगा अपघातात जातो, आणि दुसऱ्याच्या ओटीवर हळूच वाक्य येते, "देवानं बघून घेतलं." हे वाक्य बोलताना आपण देवाला आपल्या भांडणातला सेनापती करतो आणि भावाच्या घराला यरीहो. शिलोहचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा पापी होती असे तुम्हाला वाटते काय, असे येशूने विचारले आणि स्वतःच "नाही" असे उत्तर दिले (लूक १३). ज्या घरात दुःख आहे तेथे देव शिक्षा द्यायला गेलेला नसतो. तो रडणाऱ्यांच्या बाजूला बसलेला असतो, आणि आपणही जाऊन बसावे अशी वाट पाहतो.

धर्माच्या नावाने दुसऱ्या समाजाविरुद्ध भडकावणारी भाषा कोणाच्याही तोंडी आली, आपल्या माणसाच्या तोंडी आली तरी, येशूने याकोब-योहानला दटावले होते याची आठवण ठेवा.

मुलांना या गोष्टी सांगताना लपवू नका आणि तिखटमीठ लावूनही सांगू नका. त्यांनी विचारले, "हे बरोबर होते का?" तर शांतपणे म्हणा, "नाही बाळा, येशूने आपल्याला वेगळे शिकवले." एवढे उत्तर पुरे आहे, आणि ते खरे आहे.

या आठवड्यात कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी दोन उतारे लागोपाठ वाचावेत : राजांचे दुसरे पुस्तक १ : ९-१५ आणि लूक ९ : ५१-५६. वाचून झाल्यावर दोन मिनिटे शांत बसा. ज्या माणसावर अग्नी पडावा असे आपल्याला कधी वाटले, त्याचे नाव मनात घ्या आणि त्याच्यासाठी एक 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणा. जमले तर त्याच्या घरावरून जाताना थांबा, चौकशी करा.

शांतीचा प्रभू तुम्हा सर्वांना आणि तुमच्या कुटुंबांना आशीर्वाद देवो.

ख्रिस्तामध्ये आपला,
धर्मगुरू